पेनड्राइव्ह ओढून काढू नका, आधी ‘इजेक्ट’ करा : घाईत फाइल कशी जाते आणि ती कशी वाचवायची

हिंगणघाट : दहावी-बारावीचा निकाल लागला की शहरातल्या ऑनलाइन सेंटरवर, झेरॉक्सच्या दुकानात आणि सेवा केंद्रावर एकच गर्दी उसळते. वडनेर, अल्लीपूर, पोहणा, कानगाव अशा गावांतून मुलं-मुली आईवडिलांना घेऊन येतात. टीसी, गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळं स्कॅन होतं. “दादा, सगळं पेनड्राइव्हमध्येच टाकून द्या,” असं सांगितलं जातं. दुकानदार फाइली टाकतो, स्क्रीनवरची हिरवी पट्टी भरते, मागे उभा असलेला माणूस “झालं का भाऊ, झालं का?” करत असतो, आणि पेनड्राइव्ह सटकन ओढून हातात ठेवला जातो.

गावात येऊन दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला की मग कळतं. फाइलचं नाव दिसतं, पण फाइल उघडत नाही. कधी फोल्डरच रिकामं असतं. कधी कॉम्प्युटर थेट म्हणतो की हा पेनड्राइव्ह आधी फॉरमॅट करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीचं तिकीट, बापाची एक दिवसाची मजुरी, स्कॅनिंगचे पुन्हा पैसे. त्यात फॉर्मची शेवटची तारीख त्याच दिवशी असेल तर प्रवेशाचाच प्रश्न उभा राहतो.

दोष बहुतेक वेळा पेनड्राइव्हचा नसतो, दुकानदाराच्या कॉम्प्युटरचाही नसतो. तो शेवटच्या दहा सेकंदांचा असतो.

स्क्रीन एक सांगते, आत वेगळंच असतं

कॉम्प्युटर खूप वेगवान आणि साधा पेनड्राइव्ह त्याच्या मानाने फार हळू. प्रत्येक अक्षर पेनड्राइव्हवर उतरेपर्यंत थांबायचं म्हटलं तर बाकीची कामं खोळंबतात. म्हणून कॉम्प्युटर बरेचदा फाइल आधी आपल्या स्वतःच्या मेमरीत, म्हणजे रॅममध्ये घेतो, ‘कॉपी झालं’ असं दाखवतो आणि मग मागच्या मागे सवडीने पेनड्राइव्हवर लिहीत बसतो. या तात्पुरत्या साठ्याला कॅशे म्हणतात.

कापूस विकणाऱ्या माणसाला हे पटकन समजेल. भरलेली गाडी काट्यावर चढली म्हणजे माल खाली झाला असं होत नाही. जिनिंगमध्ये गाडी रिकामी होते, रिकामी गाडी परत काट्यावर येते, तेव्हा खरं वजन कळतं आणि पट्टी बनते. स्क्रीनवरची हिरवी पट्टी म्हणजे फक्त भरल्या गाडीचा काटा. ‘इजेक्ट’ म्हणजे रिकाम्या गाडीचा काटा. इजेक्ट दाबल्यावर कॉम्प्युटर तीन कामं करतो : मेमरीत अडकलेलं जे काही आहे ते पेनड्राइव्हवर उतरवतो, कोणता प्रोग्रॅम अजून त्या पेनड्राइव्हवरची फाइल धरून बसला आहे का ते तपासतो, आणि मग त्याच्याशी व्यवहार बंद करून ‘आता काढा’ म्हणतो.

यात एक फसवी गोष्ट आहे, ती बऱ्याच जाणकारांनाही माहीत नसते. फाइल टाकल्या टाकल्या पेनड्राइव्हवरून उघडून बघितली आणि ती नीट उघडली, तरी खात्री धरता येत नाही. कारण ती फाइल कॉम्प्युटर आपल्या मेमरीतूनच दाखवत असू शकतो. खरी तपासणी म्हणजे इजेक्ट करायचं, पेनड्राइव्ह काढायचा, पुन्हा लावायचा आणि मग फाइल उघडायची. जमलं तर बाजूच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर. प्रवेशाची किंवा कर्जाची कागदपत्रं असतील तर दुकान सोडण्याआधी एवढं मिनिटभराचं काम करून घ्यायला लाजू नये. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्यावं.

एका गाण्यापायी सगळे फोटो कसे जातात?

पुष्कळांची तक्रार असते की, “टाकत होतो एक गाणं, अन् गेले पोरीच्या बारशाचे सगळे फोटो.” हे खरंच होतं आणि त्यामागे कारण आहे.

पेनड्राइव्हवर फाइली असतात, तशी त्या फाइलींची एक यादीही असते. कोणती फाइल कुठून सुरू होते, तिचे तुकडे कुठे कुठे आहेत, कोणती जागा मोकळी आहे, हे त्या यादीत लिहिलेलं असतं. तलाठ्याच्या दप्तरासारखंच समजा. जमीन जागच्या जागी असते, पण दप्तराचं पानच फाटलं तर कोणता गट कोणाचा हे सांगता येत नाही. नवीन फाइल टाकताना या यादीतही नोंद करावी लागते. नोंद अर्धी झाली असताना पेनड्राइव्ह ओढला तर यादी बिघडते आणि जुन्या, कधीच्या ठेवलेल्या फाइलीही सापडेनाशा होतात.

बाजारात मिळणारे बरेचसे पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात. या पद्धती साध्या आहेत, म्हणून टीव्हीपासून मोबाइलपर्यंत बहुतेक ठिकाणी चालतात, पण अर्धवट राहिलेलं काम आपलं आपण निस्तरायची सोय त्यांच्यात नसते. कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर विंडोज जी एनटीएफएस पद्धत वापरतं, तिच्यात बदलांची वेगळी नोंदवही ठेवली जाते. तिच्यामुळे यादी सावरते, पण अर्धी लिहिलेली फाइल अर्धीच राहते.

पेनड्राइव्हच्या पोटातही एक छोटी चिप सतत हलवाहलव करत असते. फ्लॅश मेमरीत एखादी जागा बदलायची तर आजूबाजूचा मोठा ठोकळा एकदम पुसावा लागतो. त्यासाठी ती चिप जुना डेटा एका जागेहून दुसऱ्या जागी नेते. नेमक्या त्या वेळी वीज तुटली तर कधी कधी अख्खा पेनड्राइव्हच ओळखू येत नाही. स्वस्तातल्या मालात हे जास्त दिसतं.

काढायचा कसा?

विंडोजच्या कॉम्प्युटरवर आधी पेनड्राइव्हवरून उघडलेल्या सगळ्या फाइली बंद कराव्यात. फोल्डर उघडं असेल तर तेही. मग खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ, यूएसबीच्या पिनेसारखं छोटं चित्र असतं. ते दिसत नसेल तर तिथला वर तोंड केलेला छोटा बाण दाबावा, आत लपलेलं असतं. चित्रावर क्लिक केलं की लावलेल्या वस्तूंची यादी येते, तिच्यातला आपला पेनड्राइव्ह निवडायचा. ‘सेफ टू रिमूव्ह हार्डवेअर’ असा निरोप आला की काढायचा. ज्यांना ते चित्र सापडत नाही, त्यांनी ‘धिस पीसी’ उघडून पेनड्राइव्हच्या नावावर राइट-क्लिक करावं आणि ‘इजेक्ट’ दाबावं. काम तेच.

पेनड्राइव्हवर दिवा असेल तर तो लुकलुकायचा थांबला का तेही बघावं. पण नुसत्या दिव्यावर विसंबू नये. काही पेनड्राइव्हचा दिवा लावल्यापासून काढेपर्यंत सारखा जळतो, काहींना दिवाच नसतो.

काही शाळांच्या संगणक कक्षात उबंटूसारखी लिनक्सवर चालणारी प्रणाली असते. तिथे तर इजेक्ट विसरूच नये. लिनक्स मेमरीत बराच माल साठवून घेतं. मोठा व्हिडिओ काही क्षणांत कॉपी झाल्यासारखा दिसतो आणि इजेक्ट दाबल्यावर मात्र मिनिट-दोन मिनिटं ‘लिहिणं चालू आहे, काढू नका’ असा निरोप राहतो. तो निरोप खोटा नसतो. खरं लिहिणं तेव्हाच चाललेलं असतं.

आता, इजेक्ट दाबलं आणि ‘हे उपकरण सध्या वापरात आहे’ असं उत्तर आलं, तर चिडून ओढू नये. कोणीतरी फाइल धरून ठेवली आहे एवढाच त्याचा अर्थ. बहुतेकदा एखादी एक्सेलची किंवा वर्डची फाइल मागे उघडी राहिलेली असते, कधी फोटो दाखवणारा प्रोग्रॅम, कधी अँटिव्हायरसची तपासणी चालू असते. दुकानांमध्ये हिशेबाचा प्रोग्रॅम थेट पेनड्राइव्हवरच्या डेटावर चालवायची सवय असते, तेही एक कारण. हे सगळं बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा प्रयत्न करावा. तरीही नाही ऐकलं तर कॉम्प्युटर नीट शटडाउन करावा आणि पूर्ण बंद झाल्यावर पेनड्राइव्ह काढावा. स्लीप म्हणजे शटडाउन नव्हे. नुसती स्क्रीन काळी झाली म्हणून काढला तर धोका तसाच राहतो.

“आमचं तर कधी काही गेलं नाही”

असं म्हणणारे खूप भेटतात आणि ते खोटं बोलत नाहीत. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०च्या १८०९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८च्या अखेरीपासून, बाहेरून लावायच्या ड्राइव्हसाठीचं मूळ सेटिंग बदललं. आधी वेगाला प्राधान्य होतं, आता ‘क्विक रिमूव्हल’ म्हणजे पटकन काढता यावं याला आहे. या सेटिंगमध्ये विंडोज लिहिण्याचं काम मेमरीत साठवून ठेवत नाही, सरळ पेनड्राइव्हवर उतरवतं. वेग थोडा कमी होतो, पण कॉपी पूर्ण झाल्यावर इजेक्ट न करता काढला तरी सहसा काही बिघडत नाही.

मग एवढी काळजी कशाला? कारण दुकानातल्या, शाळेतल्या, ग्रामपंचायतीतल्या कॉम्प्युटरवर कोणतं विंडोज आहे हे पेनड्राइव्ह घेऊन गेलेल्या माणसाला माहीत नसतं. विंडोज ७वर चालणारी जुनी मशीन अजूनही दिसतात. नवीन विंडोजवरही कोणी वेगासाठी सेटिंग बदललेलं असू शकतं. आणि क्विक रिमूव्हल असलं तरी लिहिणं चालू असताना ओढलं तर ते सेटिंग काही वाचवू शकत नाही. उघड्या फाइलीचंही तसंच.

एक भीती मात्र उगाच आहे. चालू कॉम्प्युटरमधून पेनड्राइव्ह काढला तर कॉम्प्युटर जळतो, शॉर्ट होतो, असं काही जण सांगतात. यूएसबी मुळातच चालू मशीनला लावता-काढता यावी म्हणून बनवली आहे. तिची पहिली आवृत्ती १९९६ साली आली आणि ती घडवणाऱ्या इंटेल कंपनीच्या गटात वडोदऱ्यात शिकलेले अजय भट्ट प्रमुख होते. रुंद यूएसबी पिनेत डोकावून बघितलं तर चार पट्ट्या दिसतात. बाहेरच्या दोन विजेच्या, आतल्या दोन डेटाच्या. विजेच्या पट्ट्या जरा लांब ठेवल्या आहेत, म्हणजे लावताना वीज आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी तुटते. यंत्राची काळजी बनवणाऱ्यांनी घेतली आहे. फाइलीची काळजी वापरणाऱ्याने घ्यायची.

लाइन गेली तर?

शहरातल्या माहितीपत्रकांत हा मुद्दा सहसा नसतो, पण ग्रामीण भागात तो सगळ्यात मोठा आहे. फाइल कॉपी होत असताना लाइन गेली, तर डेस्कटॉप कॉम्प्युटरसाठी ते पेनड्राइव्ह ओढून काढल्यासारखंच आहे. किंबहुना जास्त वाईट, कारण कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर चाललेलं कामही त्याच क्षणी तुटतं. पावसाळ्यात वारावादळ सुटलं की दिवसातून चार वेळा असं होतं.

घरचा साधा इन्व्हर्टर लाइन गेल्यावर क्षणभर उशिरा चालू होतो. तेवढ्यात पंखा मंदावून पुन्हा फिरतो, पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊ शकतो. काही इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’चं बटण असतं, ते चालू ठेवलं तर हा खंड कमी होतो. खात्रीचं म्हणजे कॉम्प्युटरसाठी वेगळा छोटा यूपीएस. ज्या दुकानात तो नाही, तिथे मोठा व्हिडिओ किंवा जास्त फाइली घ्यायच्या असतील तर लॅपटॉपवरून घेता येतील का ते विचारावं. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. लाइन गेल्यावर यूपीएस टिवटिवायला लागला की चालू असलेली कॉपी संपू द्यावी, इजेक्ट करावं, आणि मग बाकीचं बघावं.

मोबाइल, मेमरी कार्ड आणि ट्रॅक्टरचा डेक

घरी कॉम्प्युटर नसला तरी ओटीजी पिनेने पेनड्राइव्ह थेट मोबाइलला लावता येतो, आणि आता हाच वापर जास्त आहे. मोबाइलमधला भाग सगळे विसरतात. अँड्रॉइड फोनला पेनड्राइव्ह लावला की वरून खाली ओढायच्या नोटिफिकेशनमध्ये त्याची एक ओळ येते, तिच्यात ‘इजेक्ट’ असतं. तिथे नसेल तर सेटिंगमध्ये स्टोरेज उघडावं, पेनड्राइव्हच्या नावापुढे बाहेर काढण्याचं चिन्ह दिसेल. मेमरी कार्डही तसंच. फोन चालू असताना कार्डाचा ट्रे पिन टोचून बाहेर काढणं हे शेतातल्या फोटोंपासून लग्नाच्या व्हिडिओपर्यंत सगळं गमावण्याचं एक कारण आहे. आधी सेटिंगमधून इजेक्ट करावं किंवा फोन बंद करून मग कार्ड काढावं.

फोनची बॅटरी पाच-दहा टक्क्यांवर आलेली असताना ओटीजीने काही टाकू नये. पेनड्राइव्हला लागणारी वीज फोनच देतो. मध्येच फोन बंद पडला तर तीच गत.

केबलने फोन कॉम्प्युटरला जोडला असेल तर गोष्ट वेगळी आहे. तिथे फोन पेनड्राइव्हसारखा चालत नाही, फाइली मागायच्या-द्यायच्या वेगळ्या पद्धतीने चालतो, म्हणून इजेक्टचं चिन्ह बहुधा दिसतही नाही. कॉपी पूर्ण होऊ द्यावी आणि केबल काढावी, पुरेसं आहे.

ट्रॅक्टरच्या किंवा गाडीच्या डेकमध्ये गाणी वाजत असताना पेनड्राइव्ह काढला तर धोका कमी, कारण डेक मुख्यतः फाइल वाचतो, लिहीत नाही. टीव्हीवर कार्यक्रम पेनड्राइव्हमध्ये रेकॉर्ड करायला लावला असेल तर मात्र आधी रेकॉर्डिंग बंद करावं. जाता जाता, लग्नाचा मोठा व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये जागा असूनही जात नसेल, तर पेनड्राइव्ह खराब नसतो. फॅट३२ पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. एक्सफॅटमध्ये ती जाते, पण जुने टीव्ही आणि डेक एक्सफॅट ओळखतीलच असं नाही.

फोटो स्टुडिओवाले आणि हिशेबनीस मोठ्या हार्ड डिस्क वापरतात. त्यांच्यात खरोखर फिरणारी तबकडी असते आणि तिच्यावर केसाहून कमी अंतरावर वाचणारं डोकं तरंगत असतं. इजेक्ट केल्यावर ते डोकं बाजूला जाऊन बसतं. निरोप आला तरी डिस्कची घरघर पूर्ण थांबेपर्यंत ती उचलू नये. चालू डिस्क टेबलावर सरकवणंसुद्धा टाळावं. पेनड्राइव्हमध्ये फिरणारं काही नसतं, त्यामुळे तिथे हा धोका नाही.

तरीही गेलंच तर

पेनड्राइव्ह लावल्यावर ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असा चौकोन आला, तर ‘कॅन्सल’ दाबावं. घाबरून ‘फॉरमॅट’ दाबणं ही पहिली चूक आणि ‘चालतो का बघू’ म्हणून त्यातच नवीन गाणी टाकणं ही दुसरी. यादी बिघडली असली तरी फाइली बरेचदा जागेवरच असतात. नवीन काही टाकलं तर त्याच जागेवर ते लिहिलं जातं आणि मग परत आणणं अशक्य होतं.

आधी दुसऱ्या यूएसबी खाचेत, मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघावं. कधी कधी एवढ्यानेच भागतं. विंडोज ‘स्कॅन अँड फिक्स’ विचारतं. पेनड्राइव्हवर फक्त गाणी असतील तर खुशाल करावं. पण एकुलते एक फोटो असतील तर दुरुस्तीआधी ते बाहेर काढावेत. दुरुस्ती यादी नीट करते, पण अर्धवट सापडलेल्या फाइलींची नावं घालवून त्यांचे तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये टाकते, आणि मग ते ओळखणं कठीण जातं. हरवलेल्या फाइली शोधायला फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो बिघडलेल्या यादीकडे न बघता थेट जागा चाळतो. फोटो, व्हिडिओ, पीडीएफ बऱ्यापैकी मिळतात, मात्र जुनी नावं मिळत नाहीत. मिळालेल्या फाइली त्याच पेनड्राइव्हवर नाही, कॉम्प्युटरवर ठेवायच्या.

पेनड्राइव्ह कुठेच ओळखू येत नसेल, लावल्यावर काहीच हालचाल नसेल, तर घरगुती उपाय थांबवावेत. ते काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं, खर्चाचं, आणि दरवेळी यशस्वी होतंच असं नाही. दुकानात देताना आत कोणती कागदपत्रं आहेत याचा विचार करावा. आधार, बँक पासबुकचे स्कॅन अनोळखी हातात जातात.

सातबारा, दाखले आणि गुणपत्रिका यांसाठी पेनड्राइव्ह ही एकमेव जागा नसावी. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतो, अनेक प्रमाणपत्रं डिजिलॉकरमध्ये मिळतात, स्कॅन केलेल्या फाइली स्वतःला ईमेल करून ठेवता येतात. बारशाचे फोटो मात्र कुठल्याही सरकारी संकेतस्थळावर मिळत नाहीत. त्यांची दुसरी प्रत घरातच, वेगळ्या कार्डवर किंवा डिस्कवर ठेवावी लागते. फ्लॅश मेमरी वर्षानुवर्षं वीज न मिळता कपाटात पडून राहिली तर तिच्यातला भार हळूहळू गळतो, म्हणून वर्षातून एकदा लावून बघणं बरं.

आणि एकदा असा दगा दिलेला पेनड्राइव्ह, फाइली काढून घेतल्यावर फॉरमॅट करून चालू झाला तरी, ट्रॅक्टरच्या डेकमध्ये गाण्यांसाठी ठेवावा. पोराच्या प्रवेशाची कागदपत्रं त्यात पुन्हा टाकू नयेत.